मेंढीच्या पोटातली गणितं

चित्रकलेच्या तासाला कात्री बंद, हा बाईंचा नियम. कागद हातानेच फाडायचा, म्हणजे मेंढीला लोकर आल्यासारखी वाटते, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी पाचवीच्या वर्गाने पांढरा कागद अर्ध्या तासात संपवला आणि मेंढ्या निम्म्या उघड्याच राहिल्या. बाई शिक्षकांच्या खोलीत गेल्या, कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या रद्दीतून एक जाडजूड गठ्ठा उचलून आणला आणि वाटून टाकला. मुलं त्यावर तुटून पडली.

मेंढ्या अंगाने भरल्या, तेव्हा दोन वेण्यांची एक मुलगी उठली.

"बाई, माझ्या मेंढीच्या पोटावर ताईचं नाव आहे."

"कुठली ताई?"

"माझी. सातवीतली. गेल्या आठवड्यात गणिताचा पेपर होता ना तिचा."

बाईंनी मेंढीचं पोट वाचलं. मग शेजारची मेंढी वाचली. सहामाहीच्या उत्तरपत्रिका, आणि लाल शाईचा ठिपकाही नाही. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना नोकरीत कायम करण्याचं पत्र मुख्याध्यापिकांच्या टेबलावर सहीसाठी पडलं होतं, आणि इथे न तपासलेल्या बत्तीस उत्तरपत्रिका डिंकाने पुठ्ठ्याला चिकटल्या होत्या.

गणिताच्या सरांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"जाऊ द्या हो, बाई. मेंढ्या झकास झाल्यात."

"अहो, पण तपासायच्या राहिल्यात ना."

"मी घेतो सांभाळून. तुम्ही फक्त कुठे बोलू नका."

एवढा मोठेपणा बाईंना सोसवेना. माझ्या चुकीचं खापर तुमच्यावर नको, म्हणत त्या मेंढी काखोटीला मारून निघाल्या. मागून सर "बाई, ऐका तरी" करत जवळजवळ पळतच आले.

मुख्याध्यापिकांनी मेंढी चष्म्याजवळ धरून पाहिली. मग खणातून एक यादी काढली.

"सातवी, गणित. बत्तीसही जणांचे गुण सोमवारीच आलेत माझ्याकडे. सर, कशावरून दिलेत?"

सर पंख्याकडे बघत म्हणाले, "वर्षभर शिकवतो, मॅडम. मुलांचा अंदाज असतो."

बाईंच्या पत्रावर तिथल्या तिथे सही झाली. सरांना मात्र ओलं फडकं घेऊन पाचवीच्या वर्गात बसावं लागलं. मेंढ्या सोलायच्या, तुकडे जुळवायचे आणि तपासायचे, असा हुकूम होता. त्यांनी पहिल्याच मेंढीचा पाय भिजवला, तशी दोन वेण्यांची मुलगी येऊन पुठ्ठ्यावर हात ठेवून उभी राहिली.

"सर, पाहिजे तर ताईला नापास करा. पण मेंढीचा पाय काढू नका."