नाथा तरेचे आयरिश चुलते

कोलशेतच्या नाथा तरेच्या मुलीचं, तुळसाचं, लग्न विठ्ठलवाडीच्या गणू पावशाच्या मुलाशी वैशाख शुद्ध दशमीला ठरलेलं होतं. साखरपुडा झाला होता, मांडवाचे वासे सांगून ठेवले होते, आणि या लग्नात आयर्लंड देशाचा काही संबंध येईल अशी शंका दोन्ही घरांत कोणालाही आलेली नव्हती. साल होतं एकोणीसशे चोपन्न. कोलशेतात तेव्हा भातशेती होती, मिठागरं होती, खाडी होती आणि डास होते. कवी एकही नव्हता आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं.

अडलं होतं ते डोंबिवलीच्या काव्यरसिक मंडळाचं. एका थोर आयरिश कवीच्या जीवनाशी निगडित स्थळांना भेट द्यायची, असा ठराव मंडळाने एकमताने केला होता. अंमलबजावणीत एकच बारीक अडचण होती, ती म्हणजे स्थळं आयर्लंडात होती. पासपोर्ट कुणाकडे नव्हता, परकीय चलन मिळत नव्हतं, आणि चिटणीस बाळ साठये यांना मुंबईच्या कचेरीतून दोन दिवसांवर रजा मिळत नव्हती. पण ठराव म्हणजे ठराव! तो काही रजेअभावी रद्द होत नाही.

शेवटी साठयांनीच तोड काढली. "बायको माहेरी गेलेली असली तर पूजेला तिच्या जागी सुपारी ठेवतो की नाही आपण? देवाने आजवर कधी हरकत घेतली? मग आयर्लंडच्या जागी ठाणे जिल्हा ठेवायला कुणाची हरकत असावी?"

कुणाचीच नव्हती. प्रतिकाशी असते, प्रतिजेजुरी असते, तर प्रतिआयर्लंड का नसावं? अध्यक्षा विमलाबाई फाटक या निवृत्त मुख्याध्यापिका. स्थळं 'प्रति' असली तरी शिस्त अस्सल पाहिजे, एवढंच त्यांनी बजावलं. लगेच स्थळनिश्चिती उपसमिती नेमली गेली. मंडळापाशी कवीचं चरित्र होतं. कविता नव्हत्या, त्या वाचण्याचा कार्यक्रम पुढल्या वर्षासाठी राखून ठेवला होता. चरित्रावरून उपसमितीने जन्मस्थान म्हणून विमलाबाईंच्या घराची माडी मुक्रर केली. कवी ज्या तळ्याकाठी चिंतन करी, ते ठाण्याचं मासुंदा तळं ठरलं. प्रेयसीने ज्या पुलावर नकार दिला, त्या पुलाचा मान विठ्ठलवाडीच्या एका मोरीला मिळाला. राहता राहिली समाधी. ती 'पाण्याजवळ, निर्जन, सतत वारा वाहणारी' असल्याचं चरित्रात होतं. उपसमितीने तीन रविवार वाऱ्याचा शोध घेतला आणि तो कोलशेतला नाथाच्या खळ्यावर सापडला.

फाल्गुनातल्या रविवारी एकोणीस रसिक, एक काळा दगड आणि पुरणपोळ्यांचा डबा बैलगाडीत घालून मंडळ खळ्यावर दाखल झालं. नाथा वासे तासत होता.

"आपलं खळं घटकाभर मिळेल का?" साठयांनी विचारलं. "एका थोर माणसासाठी हवंय."

"घ्या की," नाथा म्हणाला. "झोडनी कवाच झाली. थोर मानूस मागून येतोय का? पानी काढून ठेवतो."

"ते येणार नाहीत. ते वारले."

"अरारा! कवा?"

"बरीच वर्षं झाली," साठये म्हणाले. नाथाला खरोखर वाईट वाटलं. तो स्वभावाने तसाच होता, कुणाचंही वाईट वाटून घ्यायचा.

दगड उभा राहिला. त्यावर चुन्याने इंग्रजीत नाव घातलं. विमलाबाईंनी छोटंसं भाषण केलं, कवी काव्यासाठी झिजून झिजून गेले असं सांगितलं. मग सर्वांनी दोन मिनिटं शांतता पाळली. नाथानेही पाळली, कारण पाहुणे उभे असताना आपण वासे तासत बसणं त्याला बरं दिसेना. मग पुरणपोळ्या झाल्या आणि मंडळ निघून गेलं. दगड मागे राहिला. तो विसरला असेल, पुढल्या रविवारी येऊन नेतील, असं नाथा धरून चालला.

दुसऱ्या दिवशी नाथाच्या बायकोने, सगुणाने, दगडाला हळदकुंकू वाहिलं. उभा केलेला दगड उघडाबोडका कसा ठेवायचा? तिसऱ्या दिवशी शेजारणींनी फुलं घातली. चौथ्या दिवशी पोलीस पाटील काळुराम बगलेत जन्ममृत्यूचं रजिस्टर मारून खळ्यावर आला. काळुराम नाथाच्या लहानपणापासूनचा सोबती होता, पण रजिस्टर बगलेत असलं की तो कुणाचाच सोबती नसे.

"नाथा, हे काय हाय?"

"समाधी."

"समाधी हाय म्हंजे मयत हाय. मयत हाय आनि माझ्या रजिस्टरात नाय, म्हंजे गुन्हा हाय. कोन वारलं?"

"कवी. आयर्लंडचा."

काळुरामने 'कवी आयर्लंडकर' असं लिहून घेतलं. "आजार?"

"बाय म्हनत होती, झिजून झिजून गेला."

"झीज," काळुरामने लिहिलं. "मयत कुठं झाला?"

"अरं, तो हितं नाय मेला! तिकडं मेला, त्याच्या देशात."

"समाधी हितं आनि मयत तिकडं? मग मढं कोन घेऊन आला? पास कुठाय? खाडीतून आनलं काय?" काळुरामने पेन्सिल खाली ठेवली. "हे बघ, परदेशी मढं बिनापास आनलं असं लिहिलं तर मना वर कळवावं लागंल. उद्या ठाण्याहून साहेब येतील, खळं खनून काढतील. त्यापरीस हितंच मेला म्हन. सोपं जातंय."

खळं खणलं तर मांडव कुठे घालायचा? "लिही मग हितंच," नाथा म्हणाला.

"मयताशी नातं?"

"काय नाय."

"'काय नाय' लिहायला रकाना नाय. तुझ्या खळ्यावर मेला, तूच पुरलास, तर कोनीतरी असंलच की. बाप लिहू?"

"बाप कशाला लिहितोस? माझा बाप घरान जेवतोय!"

"भाऊ? मुलगा? चुलता?"

नाथाने बराच विचार केला. त्यातल्या त्यात लांबचा म्हणून चुलता बरा वाटला. अशा रीतीने, काळुरामच्या रकान्याच्या सोयीने आणि सरकारी नियमाला धक्का न लावता, कवी नाथाचे चुलते झाले.

कोलशेतची बातमी विठ्ठलवाडीला पोचायला फारसा वेळ लागत नसे. चारच दिवसांनी व्याही गणू पावशे दोन पाव्हणे घेऊन ओसरीवर येऊन बसला. पानाला त्याने हात लावला नाही, तेव्हाच सगुणाच्या तोंडचं पाणी पळालं.

"चुलते वारले, आनि आम्हांला सांगावा नाय?" गणू म्हणाला. "घरान मयत झालेलं, सुतक फिटलेलं नाय, वर्षसराद्ध व्हायचं हाय, आनि तुमी मांडव घालताय? हे लग्न आता वर्साने."

"पावने, मी त्याला वलखत पन नाय!"

"सख्ख्या चुलत्याला वलखत नाय? हे तर त्याहून वंगाळ." गणूने आवाज खाली आणला. "आनि दुसरी गोष्ट. ते कविता करायचे म्हंत्यात. हे बोलनीच्या वेळी का सांगितलं नाय? तुमच्या घरान्यान हे किती पिढ्या हाय? पोरीला तर नाय ना?"

आत तुळसा चुलीशी बसली होती. तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं. "आये, मी एक पन नाय केली गं!" ती म्हणाली. सगुणाने तिला जवळ घेतलं खरं, पण वर्षभर थांबलेली सोयरीक मोडते हे तिने गावात दोनदा पाहिलं होतं. तिलाही रडू आवरेना.

नाथा तडक डोंबिवलीला गेला आणि साठयांपुढे त्याने हात जोडले. "साहेब, तुमचा दगड न्या. माझ्या पोरीचं लग्न मोडतंय."

साठये हळहळले. माणूस वाईट नव्हता, नुसता चिटणीस होता. "अहो, मी आत्ता उचलला असता. पण समाधी कशी हलवायची? आयर्लंडातली हलवली का? नाही ना? मग प्रतिसमाधी हलवली तर ती मूळ समाधीशी विसंगत होईल. तरी मी सर्वसाधारण सभेपुढे विषय ठेवतो. सभा दिवाळीनंतर."

विमलाबाई माडीवर, म्हणजे कवीच्या जन्मस्थानी, पापड वाळत घालत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे टिपले आणि नाथाच्या हातात एक टंकलिखित कागद ठेवला. 'कै. कविवर्यांचे पुतणे श्री. नाथा तरे यांच्या दुःखात हे मंडळ सहभागी आहे.' खाली एकोणीस सह्या होत्या. बिचारा नाथा कागद कसला ते न कळून आभार मानून परतला, आणि काळुरामने तो कागद पुरावा म्हणून रजिस्टराला टाचून टाकला.

यातच महिना गेला, आणि दशमीला सोळा दिवस उरले. नाथा ठाण्याला कचेरीत गेला. तिथले अव्वल कारकून कागदावरून मान वर न करता ऐकत. सांगणाऱ्याचा चेहरा पाहिला की निर्णयावर परिणाम होतो, असं त्यांचं मत होतं.

"नोंद खोडून हवी? नोंद खोडता येत नाही. सदर इसम मयत आहे हे तुम्हांला मान्य आहे?"

"हाय. पन तिकडं..."

"मान्य आहे. मग तक्रार काय राहिली?"

"साहेब, तो माझा कोन नाय हो!"

"तसं तुमच्या चुलत्याने स्वतः लिहून द्यायला हवं." कारकुनांनी पान उलटलं. "ते मयत असल्यामुळे त्यांना देता येणार नाही. पुढचा."

नाथाने तिथेच जमिनीवर बसकण मारली. "वैशाखात पोरीचं लगीन हाय हो, साहेब. मी पुढचा बोलवू देनार नाय. मारा मना पायजे तर!"

रांग थबकली. कारकुनांनी त्या दिवशी प्रथमच मान वर केली. त्यांच्या घरी तीन मुली होत्या. ते आवाज उतरवून म्हणाले, "हे बघा. मृत्यूची नोंद खोडता येत नाही, पण तिच्यावर हयातीचा दाखला चढवता येतो. पेन्शनवाल्यांना लागतो तो. दाखला तारखेने नंतरचा असला की आधीची नोंद राहते, पण तिचं चालत नाही. माणूस मेला ती तारीख फाल्गुनातली, आणि तो जिवंत आहे ही तारीख आजची. आजची बलवत्तर."

"पन तो हयात नाय ना!"

"ते दाखल्यात येतं का? दाखल्यात एवढंच येतं, की सदर इसम आज माझ्यासमोर हजर होता आणि मी त्यास व्यक्तिशः ओळखतो. खाली एका प्रतिष्ठित माणसाची सही. मागच्या अंगाला एक मानद मॅजिस्ट्रेट साहेब बसतात, ते करतात सही. हा घ्या नमुना भरून, दोन प्रती. साडेपाचच्या आत जा."

मागच्या अंगाला मानद साहेब बसलेले होते, आणि त्यांच्यासमोर कागदांचा ढीग होता. सदर्‍याच्या बाहीने घाम पुसत नाथाने दाखला पुढे केला. काय विचारतील, काय सांगायचं, चुलते बाहेर उन्हात उभे आहेत म्हणायचं की शौचाला गेलेत म्हणायचं, याची त्याने वाटेत चार वेळा घोकंपट्टी केली होती. खोटं बोलायची सवय नव्हती.

साहेबांनी ढिगातल्या कागदावरची सही संपवली, नाथाचा दाखला न वाचताच पुढे ओढला आणि विचारलं, "दोन प्रती आहेत ना?"

"हायत."

साहेबांनी दोन्हींवर सही केली, शिक्का मारला आणि टीपकागद दाबला. एका थोर आयरिश कवीला, इतक्या वर्षांनी, साडेपाचला सात मिनिटं कमी असताना जिवंत करण्यात आलं.

गणू पावशाने दाखला उलटसुलट करून पाहिला. शिक्का गोल होता, जांभळा होता आणि पुसट होता, म्हणजे खरा होता. "चुलते बरे झाले म्हना की!" तो म्हणाला आणि त्याने पान उचललं. काळुरामनेही प्रत लावून घेतली आणि मित्रासारखा हसला. डोंबिवलीला बातमी कळली तेव्हा मंडळात क्षणभर गोंधळ उडाला, पण विमलाबाईंनी लगेच समाधानाने नोंदवलं की कवी हयात असतील तर वार्षिक संमेलनाचा अध्यक्ष आयताच मिळाला.

दशमीला तुळसाचं लग्न लागलं. मांडव खळ्यावरच पडला, अगदी दगडाला खेटून. मुलगी गाडीत बसली तेव्हा नाथा हमसून हमसून रडला, आणि ते रडणं मोकळं होतं.

हे वाचून तुम्ही त्या मानद साहेबांना हसला असाल. न पाहिलेल्या, न भेटलेल्या, मेलेल्या माणसाला 'व्यक्तिशः ओळखतो' म्हणून सही ठोकणारा माणूस म्हणजे कहरच की! हसा, पण हसून झालं की जरा उठा आणि ट्रंकेतली तुमची कागदपत्रांची पिशवी काढा. शाळेच्या, नोकरीच्या, रेशनच्या अर्जांना जोडलेला एक दाखला तिच्यात नक्की असेल. त्यात लिहिलेलं असेल, की तुमची वर्तणूक चांगली आहे आणि तुम्हांला मी तीन वर्षं व्यक्तिशः ओळखतो. खालची सही वाचता येते का पाहा. तो साहेब कोण होता? दिसायला कसा होता? त्याने मान वर करून तुमच्याकडे पाहिलं होतं का? नसेल आठवत, तर कोलशेतच्या कवीत आणि तुमच्यात सरकारदप्तरी फरक एवढाच उरतो, की त्याच्या दाखल्याच्या दोन प्रती होत्या.