मानपान नको, कमोड पाहिजे!

एकट्या माणसाने लॉजवर कसं राहावं, हे ज्याला शिकायचं असेल त्याने आमच्या गावी, हट्ट्याला, माझ्याकडे यावं! मळणीयंत्रात माझे दोन्ही पाय गेले, तेव्हापासून मी चाकाच्या खुर्चीत आहे. तरी हिंगोलीत एकट्याने मुक्काम करून आलो. उगीच बढाई मारत नाही, फेटा आहे घरी पुरावा म्हणून!

आधी हे सगळं माझी चतुराबाई बघायची. मी रिक्षात बसायचो आणि ती आत जाऊन पदराने बाथरूमचं दार मोजायची. "खुर्ची जात न्हाई, चला दुसरीकडं!" असं तिथूनच ओरडायची. मॅनेजर लोक पोलिसाला भ्यावं तसे तिला भ्यायचे. पोळ्यानंतर ती गेली. तेव्हापासून पुण्याचा माझा पोरगा विश्वंभर मागे लागला होता.

"बाबा, घराला कुलूप लावा अन् इकडं या."

"त्या घरात तुझी आई नांदली. कुलूप कसं लावू?"

"मग एकट्यानं जमवून दाखवा."

दिव्यांग तपासणीसाठी मला हिंगोलीला जायचंच होतं. नंबर सकाळी लवकर लावावा लागतो, म्हणजे मुक्काम आला. ठरलं! कुणीही न उचलता मी मुक्काम केला, तर पुण्याचा विषय बंद. कुणी उचललं, तर बोचकं बांधायचं.

मी लॉजवर फोन केला. मॅनेजर स्वप्निल म्हणाला, "खालची खोली देतो काका, कमोडवाली."

"पायऱ्या आहेत का?"

"एक बी न्हाई!"

गेलो तर दारातच तीन पायऱ्या! मी बोट दाखवलं. तो म्हणाला, "ह्या काय पायऱ्या आहेत का काका? हा तर ओटा आहे."

बरं. मी खुर्चीतून उतरलो आणि बसत बसत, खुर्ची मागे ओढत वर चढलो. कुणाला हात लावू दिला नाही. छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटायची! आत आलो, तर स्वप्निल डोकं खाजवत उभा.

"काका, लग्नवाल्यांनी एक खोली सोडून सगळं लॉज घेतलं. खालच्या खोलीत नवरदेव उतरला. तुमाला वरची देतो ना, गॅलरीची!"

"गॅलरीत काय उड्या मारू? मी वर जाणार न्हाई! खालचीच खोली पाहिजे!"

जिन्याच्या तोंडाशी खुर्ची लावून मी ठाण मांडलं. चूक तिथेच झाली. लॉजवर त्या दिवशी जानवसा होता, म्हणजे नवऱ्याकडच्या मंडळींचा उतारा. आणि जानवशात एखादा म्हातारा तोंड पाडून "मी वर येणार न्हाई" म्हणाला, तर त्याचा अर्थ आमच्याकडे एकच होतो. नवरदेवाचा मामा रुसला! मग त्याच्या खुर्चीला चाकं आहेत की शिंगं, हे कुणी बघत नाही.

नवरीचे चुलते अमृतराव घाम पुसत धावत आले. हात जोडले.

"मामा, काहून रुसले? मानपानात काय कमी पडलं?"

"मानपान नको हो, मला कमोड पाहिजे!"

अमृतरावांचा चेहरा उतरला. ते आपल्या लोकांकडे वळले. "ऐकलं का? फ्रिज दिला, कपाट दिलं, आता कमोड मागून राहिले!"

"अहो, मी मामा न्हाई!"

"असं तोडून नका बोलू, मामा! पोरीच्या जल्माचा सवाल आहे. पळा रे कुणी, मेडिकलवर कमोडची खुर्ची मिळती!"

दोघं पळाले. तोवर कुणी माझ्या डोक्यावर फेटा बांधला, कुणी टॉवेल-टोपी दिली, कुणी मांडीवर नारळ ठेवला. तोंडात जिलेबी कोंबली. मग नीट बोलणार कसं? अमृतराव ओरडले, "मामाला मानानं वर न्या!"

"न्हाई! उचलू नका! माझं घर जाईल!"

मी जितका ओरडलो, तितका बँड जोरात वाजला. खुर्चीसकट मला उचललं आणि गणपतीसारखं मिरवत जिना चढवला. वर नवरदेवाची आई कमलबाई आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिने ताट पुढे केलं आणि थांबली.

"अगंबाई! हे कोण? माझा भाऊ तर तिकडं जेवून राहिला!"

बँड बंद. मी जिलेबी गिळली आणि सगळं खरं सांगितलं. पाय, पोरगा, पुणे, चतुराबाई. कमलबाईने ताट खाली ठेवलं, डोळे पुसले आणि पोराला हाक मारली, "ए नवरदेवा, तुझी बॅग काढ खालच्या खोलीतून! तुला पाय आहेत, तू चढ."

मला तसंच मिरवत खाली आणलं. तेवढ्यात मेडिकलवरून कमोडची खुर्ची आली. बँडवाल्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, त्यांनी तिलाही वाजवत आत घेतलं! नवरदेव पाया पडला, मी तोंडभर आशीर्वाद दिला.

पुढचं सगळं मात्र माझं मी केलं. बाथरूमचं दार अरुंद होतं, पण माझी खुर्ची बाहेर, कमोडची आत, आणि मी एकीवरून दुसरीवर! आंघोळ, कपडे, सगळं. सकाळी तपासणीला पहिला नंबर माझा! विश्वंभरचा फोन आला तेव्हा मी फेटा बांधूनच रांगेत होतो.

"एकदम बराबर झालं! कुणी बोट लावलं न्हाई," मी म्हणालो.

"मग फेटा बांधून अधांतरी चाललाय तो कोण?"

बँडमधला हलगीवाला हट्ट्याचा निघाला. त्याने गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता!

घर गेलं, असंच वाटलं. पण पलीकडून पोरगं हसत सुटलं. हसता हसता त्याचा आवाज ओला झाला.

"बाबा, राहा तुमी हट्ट्यालाच. एका रात्रीत अख्खं वऱ्हाड कामाला लावलं, तुमाला कोण सांभाळणार! इकडं आणलं तर आमच्या सोसायटीतली लग्नं मोडतील. पण लग्न होतं तरी कुणाचं?"

मी घाईघाईने फोन ठेवला. नवरदेवाची खोली घेतली, जिलेबी खाल्ली, आशीर्वाद दिला. त्याचं नाव विचारायचं तेवढं राहून गेलं!