सांस्कृतिक भवन ओसरीतून बेपत्ता

माझं नाव नीळकंठ. नेर तालुक्यातला मी एकमेव खासगी गुप्तहेर आहे. दुसरा कोणी या धंद्यात उतरायला धजला नाही, यावरूनच माझा दरारा लक्षात यावा. तशी नोकरी मी विजेच्या मीटरचं रीडिंग घेण्याची केली, पण लोकांनी मला नुसता मीटर रीडर समजून दार उघडलं ही त्यांची चूक. मी मीटरसोबत माणसंही वाचत होतो. कोणाकडे नवा फ्रिज आला, कोणाची सून माहेरी गेली, कोणी तारेवर आकडा टाकला, हे मला मीटरची चकती सांगायची. माझी नजर घारीची, कान सशाचे आणि स्मरणशक्ती हत्तीची. "पोटही त्याचंच," असं सुनीती म्हणते. सुनीती माझी बायको. मोठ्या माणसांच्या बायकांना एवढी मुभा असते.

जे प्रकरण आता सांगतो ते कोजागिरीच्या दिवशी घडलं. माझी मुलगी केतकी अमरावतीला आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. सुट्टीत ती घरी आली ती एक इमारत घेऊनच. नेरमधल्या बायका-मुलींसाठी सांस्कृतिक भवन, असा तिचा प्रकल्प होता. इमारत म्हणजे मॉडेल. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या भिंती, थर्माकोलचा घुमट, भांडी घासायच्या हिरव्या घासणीची झाडं. माझ्या माहितीप्रमाणे त्या दिवसांत आमच्या घरातली खरी भांडी राखेनं घासली जात होती.

हे मॉडेल दुसऱ्या दिवशी ज्युरीला न्यायचं होतं. ज्युरी म्हणजे सर लोक एका ओळीत बसतात आणि मुलं त्यांच्यासमोर घाम पुसतात. मागच्या ज्युरीत मोठे सर केतकीला म्हणाले होते, "इमारत देखणी आहे. पण हिच्यात येणार कोण, आणि आल्यावर बसणार कुठे? मला यात माणूस दिसत नाही." तेव्हा तिला नापास केलं होतं. या वेळी मॉडेल आणि नकाशे पटले नाहीत तर तिचं वर्ष जाणार होतं. त्या धास्तीनं पोरीचं जेवणात लक्ष नव्हतं. घुमट मात्र तिनं आणखी मोठा केला होता.

दुपारी घुमट चिकटवून झाला. आत पंख्यानं पुठ्ठा हलतो म्हणून तिनं मॉडेल ओसरीत आणलं, धूळ बसू नये म्हणून वरून सुनीतीच्या जुन्या साडीचा पदर टाकला आणि मला म्हणाली, "बाबा, फेव्हिकॉल संपलं, चौकातून घेऊन येते. कोणाले हात लावू देऊ नका."

"नीळकंठ बसला असताना?" मी म्हणालो.

मी खुर्ची टाकून बसलो आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. वाचायला नव्हे. आड लपून पाहणी करायची ही गुप्तहेरांची पद्धत आहे. शिवाय सकाळी मॉडेलवर वाकून मी त्याची बारीक तपासणी केली, तेव्हापासून माझा चष्मा सापडत नव्हता. पण घारीला कुठे चष्मा असतो?

पहाऱ्याच्या काळात काय घडलं ते जसंच्या तसं सांगतो. एक सायकलवाला गेला. शेजारच्या मथुराबाईंची बकरी गेली. मग गल्लीतल्या पोरी आल्या. भुलाबाईचा शेवटचा दिवस होता ना. आमच्याकडे महिनाभर पोरी रोज भुलाबाई आणि भुलोजीची मातीची जोडी घेऊन घरोघर जातात, गाणी म्हणतात आणि खिरापत ओळखतात. त्यांनी टिपऱ्यांचा खडखडाट केला, "काका, खिरापत नेऊ काय?" म्हणून विचारलं, मी वर्तमानपत्राआडून "न्या आणि निघा" म्हणालो, त्या "चिवडा! मुरमुरे! बत्तासे!" असा गलका करत गेल्या. प्रकरणाशी याचा संबंध नाही, केवळ नोंद म्हणून सांगितलं.

केतकी परत आली. "बाबा, मॉडेल कुठं हाय?"

मी वर्तमानपत्र खाली घेतलं. ओसरी मोकळी होती.

"बाबा, तुमी इथंच होते न?"

"डोळ्याची पापणी मिटली नाही," मी म्हणालो.

ती पायरीवर बसली आणि रडायला लागली. आवाज न करता, लहानपणी रडायची तशी. गुप्तहेराला मन नसतं असं म्हणतात, पण बापाला ते ठेवावं लागतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "बेटा, नेरमध्ये अजून तुझा बाप जिवंत आहे." यानं ती जास्तच रडली.

मी तपासाला लागलो. फरशीवर रांगत गेल्यावर मला हिरव्या घासणीचा एक तुकडा सापडला, म्हणजे भवनातलं एक झाड. चोर झाड टाकून गेला होता. याचा अर्थ त्याला झाडांची किंमत नव्हती. झाडांची किंमत कोणाला नसते? शहरात राहणाऱ्याला. शहरात कोण राहतं? केतकीच्या वर्गातला अनिमेष, पुसदचा. त्याचीही उद्या ज्युरी. मी ताबडतोब त्याला फोन लावला.

"आज दुपारी तू कुठे होतास?"

"घरी, काका. मांजर माह्या शाळेच्या मॉडेलवर झोपली. अख्खी शाळा बसून गेली. रडून राह्यलो मी."

"पुसद सोडू नकोस," मी ताकीद दिली.

"काका, उद्या ज्युरी हाय. सोडावंच लागन न."

पळून जायचा बेत इतक्या उघडपणे कबूल करणारा संशयित मी प्रथमच पाहिला. पण पुसद लांब. आणि मांजरीची साक्ष काढणं कायद्यात बसत नाही. म्हणून मी दुसऱ्या संशयिताकडे वळलो.

हा रवी, आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारा बांधकामाचा ठेकेदार. गल्लीतली बहुतेक घरं त्यानंच बांधली आहेत आणि ती सगळी इतकी एकसारखी आहेत की एकदा मी शेजाऱ्याच्या घरात जाऊन चहा मागितला आणि त्यांनी दिलाही. रवीला नव्या नकाशाची गरज होती, हे उघड होतं. शिवाय केतकीचं मॉडेल उद्या त्याच्याच गाडीतून अमरावतीला जायचं होतं, म्हणजे मॉडेलची त्याला आतली माहिती. मी त्याच्या दारात उभा राहिलो आणि त्याच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. चष्मा नसल्यामुळे डोळे नक्की कुठे आहेत ते कळलं नाही, पण अंदाजानं रोखलं.

"रवी, सांस्कृतिक भवन कुठे आहे?"

"कोणतं? नगरपरिषदेचं? ते तं बांधलंच नाही अजून."

"केतकीचं."

"मले नकाशा कायले पाह्यजे, भाऊ? मी तं डोक्यातून बांधतो. दोन खोल्या, मधात दरवाजा, वर टाकी. झालं." तो हसला. "बसा, चहा घ्या. पोरीबी मांगच्या अंगणात गाणे म्हणून राह्यल्या."

मागून खरंच टिपऱ्यांचा आवाज येत होता. मी तिकडे लक्ष दिलं नाही. तपासात असताना माणसानं गाण्यांनी भुलायचं नसतं. चहा मात्र घेतला, कारण तो नाकारला असता तर संशयित सावध झाला असता.

परतताना मथुराबाईंच्या अंगणात बकरी दिसली आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही बकरी निवडणुकीचे फलक खाते, पक्ष पाहत नाही. पुठ्ठा तर तिचा फराळ. मी हळूच जवळ गेलो, तिचं तोंड दोन्ही हातांनी धरलं आणि फेव्हिकॉलचा वास येतो का ते पाहू लागलो.

"काय करून राह्यले, भाऊजी?" मथुराबाई दारातून म्हणाल्या.

"वास घेतो आहे."

"बकरीच्या तोंडाचा?"

"तपास चालू आहे."

"मंग माह्या नवऱ्याच्या तोंडाचा घ्या न, काही कामाचा तरी होईन."

बकरीच्या तोंडाला फक्त बकरीचाच वास होता. यावरून तिनं पुरावा नष्ट केला असावा असा निष्कर्ष काढून मी घरी आलो.

ओसरीत केतकी नवा पुठ्ठा आणि कटर घेऊन बसली होती. डोळे सुजलेले होते. एका संध्याकाळीत भवन उभं राहणार नाही हे तिलाही कळत होतं आणि मलाही. तरी ती भिंत कापत होती. तिला धीर यावा म्हणून मी बकरीचा निष्कर्ष सांगितला. ती म्हणाली, "बाबा, आत जा."

तेवढ्यात सुनीती स्टीलचा डबा घेऊन बाहेर आली. डब्यावर रुमाल बांधलेला. "काहो, पोरी काहून नाही आल्या अजून? केव्हाच्या करंज्या करून ठेवल्या मी."

"येऊन गेल्या," मी म्हणालो. "खिरापत घेऊन गेल्या."

"खिरापत तं माह्या हातात हाय."

केतकीचा कटर थांबला. सुनीतीनं डब्याकडे पाहिलं, मग ओसरीतल्या मोकळ्या जागेकडे, मग माझ्याकडे. लग्नापासून ही नजर माझ्या ओळखीची आहे.

"तुमी झाकलेलं काही दिलं काय पोरींना?"

"मी काही दिलं नाही. त्यांनी विचारलं, मी न्या म्हणालो."

इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी. खिरापत ही नेहमी झाकून ठेवतात. पोरींनी ती न उघडता, हलवून, हुंगून ओळखायची असते. ओळखली तरी ती त्यांची, न ओळखली तरी त्यांचीच. भुलाबाईच्या दिवसांत कोणाच्या ओसरीत पदराखाली झाकलेलं काही दिसलं, तर नेरमधलं शेंबडं पोरही सांगेल की ते काय आहे.

"म्हणजे कोणीतरी इथे दुसरीच खिरापत ठेवली होती!" मी ओरडलो. "प्रकरणात तिसरा माणूस आहे!"

पण माझं ऐकायला ओसरीत कोणी नव्हतं. दोघीही चपला घालून गल्लीत पोचल्या होत्या.

मी गाठलं तेव्हा त्या रवीच्या मागच्या अंगणात उभ्या होत्या, जिथे मी मघाशी लक्ष दिलं नव्हतं. पोरी गोल करून बसल्या होत्या आणि मधोमध केतकीचं सांस्कृतिक भवन होतं. कोजागिरीला भुलाबाईसाठी ज्वारीच्या धांड्यांचा, म्हणजे ताटांचा, मखर करतात, पण आता शेतात सगळीकडे कापूस आणि सोयाबीन. पोरींना धांडे मिळाले नव्हते. आणि अशा अडचणीत कोण्या देवमाणसानं खिरापतीत अख्खं घरच दिलं होतं.

"काका, लय भारी खिरापत दिली तुमी!" रवीची पोरगी ममता म्हणाली. ही त्या टोळीची पुढारी. "कोणालेच नाही ओळखता आली."

केतकी गुडघ्यांवर बसून मॉडेल पाहत होती. एक झाड सोडलं तर सगळं शाबूत होतं. घुमट मात्र काढून खऱ्या खिरापतीच्या परातीवर झाकण म्हणून ठेवला होता. भुलाबाई आणि भुलोजी भवनाच्या मागच्या मोकळ्या जागेत बसले होते.

"मोठ्या हॉलमध्ये नाही बसवलं?" केतकीनं विचारलं.

"तिथं कोंदटते," ममता म्हणाली. "अन् पोरी गोल कुठं बसतीन? ही जागा मस्त हाय. झाड बी हाय."

"ती पार्किंगची जागा हाय गं."

"गाडी कोणाजवळ हाय? आमी तं पायीच येतो."

केतकीनं ते भवन इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, आणि मग मोबाइल काढून पोरींचे फोटो घ्यायला लागली.

मलाही काहीतरी दिसत होतं. "हा भुलोजी ओळखीचा वाटतो," मी म्हणालो.

सुनीतीनं भुलोजीच्या नाकावरून माझा चष्मा काढला, पदरानं पुसला आणि माझ्या नाकावर ठेवला. सकाळी तपासणी करताना मी तो भवनातच ठेवून आलो होतो, आणि पोरींना वाटलं खिरापतीसोबत भुलोजीसाठी चष्माही आला. चष्म्यातून पहिली दिसली ती माझी पोरगी. डोळे सुजलेले, नाक लाल आणि हसत होती. तिच्यासमोर ते पांढरं भवन. सकाळी मी त्यात चुका शोधल्या होत्या, ते पाहिलंच नव्हतं. फार सुरेख होतं. मी सुनीतीच्या डब्यातली एक करंजी तोंडात कोंबली.

गाणी संपल्याशिवाय भुलाबाई उठवत नाहीत. म्हणून केतकी पोरींमध्ये बसली आणि शेवटपर्यंत गायली. मग भवन घरी आणून तिनं पार्किंगची पाटी उपटली, तिथे अंगण लिहिलं आणि उरलेल्या पुठ्ठ्याची बारकी बारकी माणसं कापत बसली. नकाशांवरही मागची जागा मोकळी केली. घुमटाला कोजागिरीच्या दुधाचा डाग पडला होता, तो घरीच राहिला. सध्या सुनीती त्याखाली दही ठेवते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रवीची गाडी दारात थांबली. केतकी उतरली आणि उतरताच म्हणाली, "पास!"

मोठ्या सरांनी मॉडेलभोवती फेरी मारली होती. घुमट काढलास ते बरं केलंस, म्हणाले. अंगणात गोल बसलेल्या पुठ्ठ्याच्या पोरी बघायला खाली वाकले आणि म्हणाले, "आता दिसतात माणसं." मग त्यांनी भवनाच्या ओसरीच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे केतकीनं खुर्चीवर बसलेला एक माणूस ठेवला होता, तोंडासमोर वर्तमानपत्र धरलेला.

"हा कोण?"

"पहारेकरी, सर," केतकी म्हणाली.

"पण हा तर झोपलेला दिसतो!"

सगळी ज्युरी हसली, असं केतकी सांगते. मी झोपलो नव्हतो. वर्तमानपत्राआडून पाहणी करत होतो. पण हे ओळखायला सर गुप्तहेर असायला हवे होते.