अन्वरचं दूध

आमचा अन्वर दूध देत नाही, फेकतो. लातुरात क्लासच्या पोरापोरींनी आमची गल्ली भरली, तेव्हापासून सकाळी सातला गॅलऱ्यागॅलऱ्यांत पोरी टब धरून उभ्या. हा खाली सायकल टेकवतो, एक पाय उचलतो, हात मागं नेतो, आणि अर्ध्या लिटरची पिशवी बरोब्बर टबात! एकदा हदगावच्या एका पोरीची पिशवी फुटली, बायोलॉजीच्या सगळ्या नोट्स दुधात. ती रडायला लागली, तर हा खालून म्हणतो, "पिशवी टायमावर आल्ती बाई, तूच लेट झालीस."

अन्वर बेसबॉलमधला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. आम्ही किल्लारीकडच्या एकाच गावचे. भूकंपानंतर ढिगारे उपसताना हा दगड उचलून जागेवरूनच लांबच्या ढिगावर फेकायचा. एकही इकडंतिकडं नाही. शाळेतल्या खेळाच्या सरांनी ते बघितलं आणि त्याच्या हातात चेंडू दिला. गावाला वाटलं, पोरगं क्रिकेटच चुकीचं खेळून राहिलंय! पण जिल्ह्याकडून खेळला, नांदेडात मॅच जिंकून आला, एकदा राज्याच्या संघात राखीव म्हणून बसला. बसलाच फक्त. पुढं गुडघा गेला. बोलणं तेवढं राहिलं, "चेंडू सुटायच्या आधी समोरच्याच्या हातात दिसाया पाहिजे."

असा हा माणूस माझं दूध मात्र तीन जिने चढून हातात आणून द्यायचा. मला रागच यायचा. मी काय म्हातारी झाले? तीस पोरांचे डबे करते मी!

यंदा त्याचा गुडघा सुजला. एकदा जिन्यातच कण्हत बसलेला सापडला. मी म्हटलं, "उद्यापासून खालूनच फेक, नाहीतर तुझं दूध बंद."

"न्हाई जमायचं, काकू."

"का? मला झेलता येत नाही होय?"

तो गुडघा चोळत बसला. मग म्हणाला, "भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात ऱ्हायचो, तवा तुमची-आमची भिंत एक होती. कुठं भांडं पडलं तरी तुम्ही भायेर पळायच्या. तुमच्याकडं फेकाया हात उचलला की तुमच्या हातात पिशवी दिसतच न्हाई मला. तुम्ही पळताना दिसता."

भांडं पडलं की अजून दचकते मी. घरात कुणाला सांगितलेलं नाही. आणि हा इतकी वर्षं त्यापायी जिने चढत होता.

दुसऱ्या दिवशी सातला मी गॅलरीत पदर पसरून उभी राहिले. त्याचा गुडघा मला वाचवायचा होता.

"फेक रे!"

तो नुसता बघत राहिला. पोरी ओरडल्या, "काकू, टब घ्या की!"

मग त्यानं पाय उचलला नाही, हात मागं नेला नाही. खालून झुलवून अलगद सोडली. पिशवी सावकाश वर आली, माझ्यासमोर घटकाभर थांबल्यासारखी झाली आणि पदरात पडली. आवाजसुद्धा नाही.

"दिसली का रे?"

"दिसली, काकू!" तो ओरडला, आणि त्या आनंदात शेजारच्या पोरींची पिशवीपण माझ्याचकडं फेकली.

तीही झेलली मी.