दाजीबा खवल्यांचं बेचाळीस चिंचोक्यांचं कर्ज

एका जंगलात, मुलांनो, दाजीबा खवले नावाचं एक खवले मांजर राहत होतं. कोणतं जंगल ते विचारू नका. तुमच्या मामाचा प्लॉट जिथे आहे, तिथेच ते पूर्वी होतं. आता मांडी घालून बसा आणि मध्ये बोलू नका.

खवले मांजर मुंग्या खातं आणि घाबरलं की अंगाचा गोळा करून घेतं. बाकी कुणाला काही करत नाही. दाजीबाही तसाच होता. त्याला अभिमान एकाच गोष्टीचा होता.

"आमच्या सात पिढ्यांत," तो येता-जाता सांगायचा, "कुणी शेजारून वाटीभर मुंग्यासुद्धा उसन्या आणल्या नाहीत."

हे खरं होतं. एकदा दारात पाहुणे बसलेले आणि घरात मुंगी नव्हती, तेव्हा दाजीबानं पाहुण्यांना गार पाणी दिलं आणि हवापाण्यावर बोलत बसवलं. पाहुणे पुन्हा आले नाहीत. पण उधारी झाली नाही.

दाजीबा आणि त्याची बायको गोदा एका तरसाच्या बिळात भाड्यानं राहत होती. गोदाला दिवस गेले होते. तरसानं ते ऐकलं आणि सांगितलं, "पोरंबाळं मला चालत नाहीत. पौर्णिमेला बीळ रिकामं करा."

नशिबानं जांभळीच्या मुळाशी एक बीळ विकाऊ होतं. मालकीण साळिंदरआजी लेकीकडे राहायला निघाल्या होत्या. बीळ कोरडं होतं, तोंडाशी वारूळ होतं. किंमत पाच हजार चिंचोके. त्या जंगलात चिंचोके चालायचे. हसायला काय झालं? तुमच्याकडे तर नुसते आकडे चालतात.

दाजीबानं साठवलेल्यातले पाचशे इसार म्हणून दिले.

"पौर्णिमेला सूर्य बुडेपर्यंत थांबते," आजी म्हणाल्या. "मग इसार बुडाला आणि बीळ दुसऱ्याला दिलं, असं समज बाबा. मला गाडी गाठायचीय."

अमावास्येला दाजीबा पेढीत गेला. तिथे बगळेसाहेब एका पायावर काम बघायचे. दुसरा पाय बढतीनंतर टेकायचा होता. त्यांनी पतवही काढली. जंगलातल्या प्रत्येकाचं त्या वहीत एक पान होतं आणि पानावर पत लिहिलेली असायची. सातशेच्या वर असेल त्याला कर्ज.

"पाचशे बारा," बगळेसाहेब म्हणाले. "कोल्हे आणि मंडळी यांच्याकडून हप्त्यावर एक वारूळ. बेचाळीस चिंचोके थकलेत."

दाजीबानं जागच्या जागी अंगाचा गोळा केला.

"गुंडाळलेल्या अवस्थेत अर्ज घेता येत नाही," बगळेसाहेब म्हणाले आणि पुढच्याला बोलावलं.

गोळा सुटायला दुपार झाली. "मी असलं काही घेतलेलं नाही हो," दाजीबा म्हणाला.

"नसेल. फेडून टाका, नाहीतर तक्रार करून काढून आणा. आम्हाला दोन्ही चालतं."

घरी गोदा म्हणाली, "अहो, बेचाळीसच आहेत ना? तोंडावर फेका त्याच्या आणि मोकळे व्हा. माझ्यानं आता फार चालवत नाही."

"बेचाळीसचं काय घेऊन बसलीस? खवल्यांच्या नावावर उधारी! माझे वडील वर बसून काय म्हणतील?"

"ते वर आहेत. आपल्याला खाली राहायचंय."

दाजीबानं ऐकलं नाही. नवरे ऐकत नाहीत, मुलांनो, हे सगळ्या जंगलांत सारखंच आहे.

तो कोल्होबाच्या दुकानात गेला. कोल्होबानं आदरानं पाट दिला आणि कागद पुढे केला. खाली सही म्हणून शेपटीचा ठसा होता. चांगला झुपकेदार.

"अहो, ह्या ठशात केस दिसतायत. माझ्या शेपटीला केस आहेत का? बघा, नीट बघा!"

कोल्होबानं नीट बघितलं. "तेव्हा असतील. कर्जाच्या काळजीनं गळतात. तुम्ही घरचे म्हणून सांगतो, तीस द्या आणि मिटवा."

"एक चिंचोका देणार नाही!" दाजीबा ओरडला. आयुष्यात पहिल्यांदाच तो रागावला होता आणि गोळा न होता रागावला होता.

तक्रारी कासवकाका बघायचे. काका अतिशय प्रामाणिक होते. ते स्वतः दुकानापर्यंत चालत गेले, कागद पाहिला आणि चालत परत आले. यात अकरा दिवस गेले. मग त्यांनी दाजीबाची शेपटी ओल्या मातीत दाबली आणि तो ठसा वाळेपर्यंत थांबले. गोदा रोज संध्याकाळी विचारायची, "झालं?" आणि दाजीबा म्हणायचा, "होतंय." तरसानं तोवर बिळाचं दार काढून नेलं होतं.

पौर्णिमेला दुपारी निकाल लागला. काकांनी सागाच्या पानावर सुंदर अक्षरात लिहून दिलं: 'दाजीबा खवले यांच्यावर कधीही कसलेही कर्ज नव्हते. ते निष्कलंक आहेत.'

दाजीबाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं पान छातीशी धरलं, अवघडलेल्या गोदाला सोबत घेतलं आणि पेढी गाठली.

"अभिनंदन," बगळेसाहेब म्हणाले. त्यांनी बेचाळीसची ओळ खोडून टाकली. मग ते पानाकडे बघत राहिले.

"किती झाली पत?" दाजीबानं विचारलं.

"नाही."

"नाही म्हणजे? शून्य?"

"शून्य असायलासुद्धा काहीतरी लागतं. तुमचं पान कोरं आहे. पूर्वी कधी कर्ज? हप्ते? निदान वाटीभर मुंग्या उसन्या?"

"सात पिढ्यांत नाही!" दाजीबा छाती काढून म्हणाला.

"तिथेच घोळ आहे. ज्यानं कधी घेतलं नाही, तो परत करेल हे आम्ही कशावरून ओळखायचं? मघापर्यंत तुमचे पाचशे बारा तरी होते. ते बेचाळीस भरले असते, तर सातशेच्या वर गेला असतात."

"पण तुम्हीच म्हणालात, काढून आणा!"

"म्हणालो. काढल्यावर काय होईल ते तुम्ही विचारलं नाहीत. कोल्होबांकडून शिका जरा. अकरा कर्जं आहेत. दहावं फेडायला कालच अकरावं नेलं. काय पान भरलंय त्यांचं!"

दाजीबानं गोदाकडे पाहिलं. ती पोटावर पंजा ठेवून खाली बसली. ऊन जांभळीच्या शेंड्यावर आलं होतं.

दाजीबा धावत कोल्होबाकडे गेला. "कोल्होबा, माझं ते कर्ज परत लावा."

"छे छे!" कोल्होबानं कानाला हात लावले. "खोटं कर्ज? माझ्या दुकानात? कासवकाकांचा निकाल आहे."

"पाया पडतो. बायकोला आज रात्री निवारा नाही."

कोल्होबाला गहिवरून आलं. बेचाळीस कर्जाचे आणि साठ ते पुन्हा लावण्याच्या खर्चाचे, असे एकशे दोन चिंचोके त्यानं मोजून घेतले. "ते निकालाचं पान मात्र राहायला नको."

दाजीबानं पान एकदा वाचलं. 'निष्कलंक' या शब्दापाशी तो थोडा थांबला. मग त्यानं स्वतःच ते फाडलं.

नवीन कागद आला. दाजीबानं सहीसाठी शेपटी उचलली.

"थांबा, थांबा," कोल्होबा म्हणाला. "सही जुन्या कागदाशी जुळायला नको का?" आणि त्यानं स्वतःची शेपटी शाईत बुडवून ठसा उमटवला. दाजीबा तेवढा वेळ दाराबाहेर बघत उभा राहिला.

बगळेसाहेबांनी ठसा ताडून पाहिला. तंतोतंत जुळला. कर्ज कबूल, फेड पूर्ण, पत सातशे अठ्ठेचाळीस. सूर्य बुडायला चार बोटं उरली असताना पैसे आजींच्या पदरात पडले.

त्याच रात्री जांभळीच्या बिळात गोदाला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं झालं. बारसं उरकताच दाजीबानं बाळाला शेपटीवर बसवलं, शेजारच्या दारात नेलं आणि बाळाच्या नावावर वाटीभर मुंग्या उसन्या घेतल्या. तीन हप्त्यांत परत करायच्या बोलीवर.

तात्पर्य: मुलांनो, कुणाचं कर्ज बुडवू नये. जे घेतलेलंच नाही, ते तर मुळीच बुडवू नये.