रिकाम्या कपाटाची किल्ली

रिकाम्या कपाटाला कुलूप लावून त्याची किल्ली जानव्याला बांधणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. श्रीपादराव त्यांचं नाव. कचेरीत सगळे त्यांना अण्णा म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते लिहीत नाही, कागद चांगला आहे.

रोज अकराला कापी, म्हणजे कॉफी, यायची. त्याआधी अण्णा ते लाकडी कपाट उघडत, आतली कागदांची चळत वरपासून खालपर्यंत बघत, मान हलवत आणि पुन्हा कुलूप घालत. जसं काही आत राजवाड्यातले दागिनेच! आत होते कोरे जाड कागद. प्रत्येकाच्या कोपऱ्यात इंग्रजीत एक चिठ्ठी, बाकी स्वच्छ.

ही गोष्ट साठ सालाच्या आगेमागेची. बसवनगुडीतल्या एका जुन्या बंगल्यात आमची कचेरी होती. रानातली झाडं शोधायची, फांद्या दाबून सुकवायच्या, जाड कागदावर बसवायच्या आणि कपाटात निजवायच्या, एवढं तिचं काम. मी जातीचा शिंपी. आमचं घराणं बेंगळूरात तीनशे वर्षांचं, माझं शिक्षण तिसरीपर्यंतचं. पुढचं मला नको होतं. चिकपेटेतल्या दुकानातून मला कचेरीत नेलं ते अण्णांनी. फांदी गोंदाने चिकटत नाही, तिला टाके घालावे लागतात, आणि कचेरीतल्या पदवीधरांना सुईत दोरा ओवता येत नव्हता. इकडे शिंप्याला मास्तर म्हणतात, म्हणून मी मास्तर.

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "अण्णा, या कोऱ्या कागदांवर काय लिहिलंय?"

अण्णांनी एकेक वाचून दाखवलं. "खोऱ्यात पावसाळ्यात काय फुलतं: गोत्तिल्ला. शंभर फुटांवर काय फळतं: गोत्तिल्ला. हे पान रात्री कोण खातं: गोत्तिल्ला."

गोत्तिल्ला म्हणजे कन्नडात 'माहीत नाही'. अण्णांच्या तोंडी दिवसातून पन्नास वेळा हा शब्द. बाकीचे लोक तो लाजून म्हणतात. अण्णा असे म्हणत, जसं काही मुलाचं बारसं करतायत.

"मग माहीत नसलेलं कुलपात कशाला?"

"अरे मास्तर, माहीत असलेलं कोणी चोरत नाही. माहीत नसलेलंच चोरतात. कोणीतरी वर 'सर्व पाहणी पूर्ण' असं लिहितो, की गेलं!"

हे कोणीतरी म्हणजे आमचे साहेब. साहेब मोठे विद्वान. त्यांचं जंगल डिसेंबरात उगवायचं आणि फेब्रुवारीत मावळायचं. जीप निघायची, प्रवासी बंगल्यापाशी थांबायची, खानसामा कोंबडी कापायचा, तोवर साहेब हाताला येतील त्या फांद्या तोडायचे. काटे असतील तर चपराशी तोडायचा. पाऊस, जळवा आणि चढ या तिन्ही गोष्टी साहेबांच्या शास्त्रात नव्हत्या.

अण्णांनी एकदा भिंतीवर घाटाचा नकाशा लावला. बाकीच्या कपाटांतली प्रत्येक फांदी जिथून आली तिथे एक टाचणी टोचली. आठ दिवस टाचण्याच टोचत होते. मग मला उभं केलं. "काय दिसतं, मास्तर?"

"रस्ता दिसतो," मी म्हणालो.

अण्णा इतके खूश झाले की त्यांनी स्वतःची कापी मला दिली. "तिसरी पास माणसाला दिसतं! आपण जंगल नाही तपासलं, मोटाररस्ता तपासला. दोन्हीकडे वीस वीस पावलं."

मी म्हणालो, "साहेबांचं पोट बघता वीस पावलं पुष्कळ झाली."

अकराच्या कापीला आमचं असं चालायचं. नाहीतर भांडण. भांडणाचा विषय ठरलेला: पुडी. सुकताना फांदीवरून जे काही गळेल, पाकळी, बी, मेलेली मुंगी, ते कागदाच्या पुडीत घालून फांदीशेजारी चिकटवायचं, असा अण्णांचा नियम. मला ते पटायचं नाही. मी आयुष्यभर गिऱ्हाइकाला कपडा झटकून दिला. हे म्हणायचे, कचऱ्यासकट दे.

"अण्णा, मी शिवतो ते कोटाच्या अस्तरासारखं साफ असतं. त्यात ही मुंग्यांची पुडी? शोभतं का?"

"शोभेला सर्कस आहे. ते भोक पडलेलं पान का काढलंस?"

"भोक होतं म्हणून!"

"अरे, ते भोक कोणाचं तरी जेवण आहे!"

असा माणूस.

त्याच सुमारास घाटातल्या एका खोऱ्यात धरण होणार असं ठरलं. त्याआधी खोऱ्यात काय काय आहे ते कचेरीने कळवायचं होतं. साहेबांनी जागेवर बसूनच लिहायला घेतलं, 'विशेष काही नाही.' अण्णा म्हणाले, "तिथे एक झाड आहे. पंचवीस वर्षांपूर्वी त्याचं पान आणलं मी. फूल कोणी पाहिलेलं नाही. फुलाशिवाय नाव ठरत नाही. ते पावसातच फुलत असणार, कारण पावसात आपण जात नाही."

साहेब म्हणाले, "पावसाळी दौऱ्याला मंजुरीचा नियम नाही."

अण्णांनी हक्काची रजा काढली, छत्री घेतली आणि भर आषाढात एकटे गेले. बारा दिवसांनी सोमवारी येऊन खुर्चीवर बसले, ते कानामागे एक जळू लटकत होती.

"अण्णा, कानाला जळू!"

"असू दे. कुठल्या जातीची असेल? गोत्तिल्ला." मग पिशवीतून दाबलेली फांदी आणि एक पुडी काढून माझ्यापुढे ठेवली. "फूल, मास्तर. झाड शंभर फूट. मी खाली नऊ दिवस बसलो. दहाव्या दिवशी वानराने अर्धं खाल्लं, उरलेलं खाली पडलं."

म्हणजे शंभर फुटांवर काम करणारा आमच्या खात्याचा एकच कर्मचारी, आणि तो वानर. तोही बिनपगारी. मी हे बोललो आणि अण्णा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग तापाने फणफणून चार दिवस घरी पडले.

ती फांदी मी शिवली. आयुष्यातली माझी सर्वांत सुंदर शिलाई ती. टाका कुठे गेला ते दिसत नव्हतं. कागद काचेसारखा साफ. शेजारची पुडी मात्र फाटलेली, आत तपकिरी चुरा, कुजकट वास, आणि मुंग्या ओळीने माझ्या त्या कागदावर चढायला लागलेल्या. फूल म्हणजे मला ठाऊक होतं ते लालबागेतल्या वाफ्यांतलं; वानराचं उष्टं फूल ते हेच, हे डोक्यात आलं नाही. हा चुरा मी झटकला, केरसुणीने गोळा केला आणि खिडकीबाहेर टाकला.

अण्णा परत आले त्याच दिवशी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. अण्णांनी टिपणवहीत लिहून ठेवलं होतं, 'फूल मिळालं, पुडीत आहे.' साहेब म्हणाले, "फूल दाखवा. मी आज वर लिहितो. ते झाड आहे त्या उताराची तोड पुढच्या पावसापर्यंत थांबवता येईल. तोवर आणखी बघा हवं तर."

खरं सांगायचं तर त्या दिवशी साहेब सरळ वागले.

अण्णांनी माझा कागद उचलला. पुढून पाहिला, मागून पाहिला. पुडी नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

"कुठे आहे फूल?" साहेबांनी विचारलं.

अण्णा म्हणाले, "गोत्तिल्ला."

सगळे हसले. साहेबांनी तर टेबलावर हात आपटला. "माहीत नाही म्हणे! श्रीपादराव, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे." पत्र गेलं ते 'विशेष काही नाही' असंच. दिवाळीआधी उतार तोडला. पुढच्या आषाढात अण्णा पुन्हा गेले, तिसऱ्याच दिवशी परत आले. पिशवी रिकामी, जळूसुद्धा नाही.

मी बोललो नाही. आज बोलेन, उद्या बोलेन, असं करता करता अण्णांची निवृत्ती आली. साहेबांनी भाषण केलं, चंदनाचा हार घातला, भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्या माणसाला पंचवीस वर्षं एका फुलाची वेळ कळली नव्हती, त्याला घड्याळ! जाताना अण्णांनी जानव्याची किल्ली सोडली आणि साहेबांना न देता माझ्या हातात ठेवली.

"रिकाम्या कपाटाची किल्ली घेऊन मी काय करू?"

"गोत्तिल्ला," म्हणाले आणि छत्री घेऊन गेले.

मीही हट्टाने ते कपाट उघडलं नाही. चार महिन्यांनी साहेबांना कपबश्या ठेवायला जागा हवी झाली, तेव्हा उघडावं लागलं. कोरे कागद तसेच. सर्वांत वर एक नवा. त्यावर एक रिकामी पुडी नीट चिकटवलेली, आणि कोपऱ्यात चिठ्ठी. ही एकच इंग्रजीत नव्हती. मला वाचता यावी अशी मोठ्या बाळबोध अक्षरांत होती:

'खोऱ्यातलं झाड. फूल मिळालं होतं. माझ्या हातून हरवलं. श्रीपाद.'

मला संताप आला. माझ्या चुकीवर दुसऱ्याने सही का करावी? आमच्या घराण्यात कोणी दुसऱ्याच्या कापडावर आपलं नाव घातलं नाही, आपलं दुसऱ्यावर ढकललंही नाही. माझं अक्षर वाईट. म्हणून मी लाल दोरा घेतला आणि 'श्रीपाद' होतं त्यावरूनच, आडव्या टाक्यांनी, 'मारुती शिंपी' असं माझं नाव शिवलं. कागद घेतला आणि तडक चामराजपेटेत अण्णांकडे गेलो.

एका अंगणाभोवती आठ बिऱ्हाडं, त्यात शेवटची खोली अण्णांची. बायको जाऊन तीस वर्षं झालेली, मूल नाही. खोलीत खुर्ची एकच. मला तिच्यावर बसवलं, स्वतः उभे राहिले. घड्याळ बंद होतं.

मी कागद पुढे केला. "अण्णा, ती पुडी मी टाकली."

अण्णांनी लाल टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"गोत्तु," म्हणाले. माहीत आहे. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

"केव्हापासून?"

"त्याच दिवशी. तुझ्या केरसुणीला मुंग्या होत्या, मास्तर."

"मग साहेबांपुढे बोलला का नाहीत? तो उतार वाचला असता ना?"

"फूल नव्हतंच, उतार कशाने वाचणार? तुझी नोकरी तेवढी गेली असती." त्यांनी कागद परत माझ्या हातात दिला. "आणि मग अकराला माझ्याशी भांडायला कोण होतं?"

मी कागद मांडीवर ठेवला. म्हणालो, "ते भोकाचं पान तरी मी बरोबरच काढलं होतं."

"डोंबलाचं बरोबर!" अण्णा म्हणाले आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "थांब. स्वल्प कापी घे, मग सांगतो तुला."

ते चुलीकडे वळले. दुसरा पेला शोधायला त्यांना बराच वेळ लागला.