निमकरांची सुटलेली पायरी

आमच्या बिल्डिंगमध्ये निमकरांच्या दारावर बेलखाली एक कागद चिकटवलेला हाय. एक, बेल दाबा. दोन, बोट काढा. तीन, थांबा. यातली दुसरी पायरी माझ्यामुळे आली. पयल्यांदा गेलो तेव्हा मी दार उघडेपर्यंत बेल दाबूनच उभा होतो. मला वाटलं, सोडली तर त्यांना वाटंल माणूस गेला.

निमकर रागावले नाय. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "चूक तुमची नाही, म्हात्रे. पायरी सुटली होती." आणि पेन आणायला आत गेले.

माझं खाली पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान, मागं घर. शाळा चौथीत सुटली. मास्तर आणि मी दोघंही सुटलो. धंदा बरा चाललाय, कारण गिऱ्हाईक तोच मिक्सर घेऊन परत येतं.

निमकर घरी बसून नोकरी करतात. मिसेस गेल्यापासून एकटेच. कंपनी मशीन बनवते आणि हे ते वापरायचं कसं ते लिहितात. लिहून झालं की मला वर बोलावतात. मला कळलं तर जगाला कळंल, असा त्यांचा हिशोब. "तुमच्यासारखा माणूस सगळ्या पनवेलमध्ये मिळायचा नाही," असं म्हणाले, तेव्हा मी आठवडाभर छाती काढून फिरलो. मग बायकोने अर्थ सांगितला.

मागच्या महिन्यात असंच बोलावणं आलं. त्यांच्या कंपनीत आता एजंट कामाला हायत. एजंट म्हणजे कॉम्प्युटरमधला गडी, सांगितलेलं काम करतो. प्रत्येकाला वेगळी बंद खोली, तिला कंटेनर म्हणतात. एकाने घोळ घातला तर दुसऱ्याच्या खोलीत सांडत नाय. खोलीत काय ठेवायचं, गड्यानं कसं बोलायचं, याचे नियम असतात. नियम बदलला तर दर खोलीत जाऊन कोण सांगत बसणार? म्हणून एक टूल काढलं. मुळात एकदा बदला, सिंक नावाचं बटण दाबा, सगळ्या खोल्यांत तेच. या टूलचं पान निमकरांना लिहायचं होतं, आणि यावेळी घाम फुटला होता.

"शुक्रवारी पान पसंत पडलं नाही तर यापुढे एजंटच लिहिणार, म्हणाल्या आमच्या ऑफिसच्या मॅडम," निमकर म्हणाले. "एजंटची माहिती एजंटच देणार. नवऱ्या मुलाने स्वतःची चौकशी स्वतःच करून कळवल्यासारखं."

पान इंग्रजीत, म्हणून ते मराठीत वाचत होते आणि मी बटणं दाबत होतो. एक पायरी आली, गड्याने बोलायला सुरुवात कशी करायची ते लिहा. "काय लिहू?"

"काहीही लिहा. नमुनाच आहे."

आमच्या चिरनेर गावाला दारात माणूस आला की नमस्कार-बिमस्कार नाय. मी लिहिलं, जेवलास का रं. "पुढची पायरी, सिंक," निमकर म्हणाले. मी दाबलं. बोट काढलं, ते मी शिकलोय.

चहा गाळेपर्यंत मॅडमचा फोन. निमकरांनी स्पीकरवर घेतला.

"निमकर, माझा एजंट मला जेवलास का रं विचारतोय. मला."

"मॅडम..."

"बेंगळुरूच्या ऑफिसातही सगळ्यांना तेच विचारतोय. तिकडे त्यांना वाटतंय कुणी शिव्या भरल्यात."

निमकरांचा चेहरा उतरला. फोन ठेवून पान वर-खाली केलं. "आधी नुसता टेस्टचा कंटेनर निवडा, ही पायरीच मी लिहिली नाही," म्हणाले. "मला माहीत होतं, म्हणून धरून चाललो."

"चूक तुमची नाय, निमकर," मी म्हटलं. "मी असताना दुसऱ्याची चूक होतच नाय."

मी आपला निसटलो. बिघडलेल्या जागी थांबायचं नाय, हा दुकानदारीतला माझा नियम हाय.

शुक्रवारी त्यांचा मिक्सर द्यायला वर गेलो, दुपारचे अडीच-तीन वाजले असतील. मॅडम फोनच्या स्पीकरवर पान वाचत होत्या. सुटलेली पायरी आली होती, ठळक अक्षरात. पण शेवटी आणखी काहीतरी होतं.

"एखादा कंटेनर सिंकमधून वगळणे," मॅडमनी वाचलं. "टूल सगळं सारखं करण्यासाठी आहे ना? मग वगळायचं कशाला?"

"लागतं एखाद्याला."

"कुणाला?"

निमकरांनी चष्मा कपाळावर चढवला. मी मिक्सरची वायर गुंडाळत बसलो.

"बरं, राहू दे," मॅडम म्हणाल्या. "पान चांगलं झालंय. पुढचं टूलही तुम्हीच घ्या."

फोन ठेवला आणि निमकरांनी त्यांचा एजंट उघडला. पडद्यावर अक्षरं आली. जेवलास का रं. सगळीकडचं काढलं होतं, हा एक ठेवला होता.

निमकरांनी सावकाश टाइप केलं. मी अक्षरं लावत वाचलं. "नाही अजून. आत्ताच कुकर लावलाय."

स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. शेगडी बंद होती, ओटा कोरडा.

"निमकर," मी म्हटलं, "चला खाली. बायकोने सुकटीचं केलंय. तुम्हाला चालत नाय, पण वांग्याची भाजी पण हाय."

ते उठले. पायात चपला घातल्या. दारापर्यंत आले आणि परत फिरले.

"एक मिनिट हं, म्हात्रे," म्हणाले. "त्याला सांगून येतो."